टोपलीतल्या नागाचा उपास

वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास लिहावयास बसलेल्या माणसाला कागदपत्रांची उणीव भासत नाही. निजामी अमलातील परगण्यांची जमाबंदी, १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली झाल्यानंतरची पाहणीची दप्तरे, १८६४ साली आग्नेय वऱ्हाड म्हणून निर्माण झालेला व पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेलेला मुलूख १९०५ साली पुसद तालुका पोटात घेऊन यवतमाळ जिल्हा या नावाने कसा उभा राहिला याची सरकारी टिपणे, आणि यवतमाळच्या शारदाश्रमात डॉ. य. खु. देशपांडे यांच्या चिकाटीने जमा झालेली हस्तलिखिते, असा मोठा संभार त्याच्यापुढे असतो. परंतु या साऱ्या दप्तरांत साप शोधू गेल्यास तो एक तर मारणारा म्हणून आढळतो, नाही तर मेलेला म्हणून. ब्रिटिश अमदानीत दरसाल प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यांत हिंस्र श्वापदांच्या शेजारच्या रकान्यात त्याने घेतलेल्या बळींची बेरीज असते आणि त्याच्या शिरावरील बक्षिसाची रक्कम असते. जिवंत धरलेला, टोपलीत, मडक्यात वा प्रयोगशाळेच्या पेटीत कोंडलेला साप काय खात होता, किंबहुना खात होता की नव्हता, हा प्रश्न कोणा मामलेदाराने कधी विचारला नाही. त्याच्या कामाचा तो भाग नव्हता हे खरे. तथापि माणूस आणि साप यांच्या सहवासाचा इतिहास या एका प्रश्नाभोवती जितका स्पष्ट दिसतो तितका तो बळींच्या बेरजांतून किंवा बक्षिसांच्या खर्चातून दिसत नाही, असे आमचे मत आहे.

या जिल्ह्याची भूमीच सापांना मानवणारी आहे. कपाशीची काळी जमीन चैत्र-वैशाखात खोल भेगाळते. त्या भेगांतून, धुऱ्यावरील बोरी-बाभळींच्या मुळांतून आणि कोठ्यातल्या कुटाराच्या ढिगाखालून उंदरांची वस्ती पसरते, आणि तिच्या मागोमाग नाग, धामण व इकडे जिला परड म्हणतात ती घोणस, असे तिघेही येतात. मृगाचा पाऊस पडून बिळांत पाणी शिरले की ही मंडळी वर येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पेरणी, डवरणी, निंदण यांसाठी बायामाणसांचे अनवाणी पाय वावरात असतात. सर्पदंशाचे दिवस आणि कामाचे दिवस एकच असण्याचे कारण एवढेच आहे. तरीही उंदरांचा नाश करणाऱ्या या प्राण्याविषयी शेतकऱ्याच्या मनात नुसती भीती कधीच नव्हती. नागपंचमीच्या दिवशी वावरात नांगर-वखर चालवावयाचा नाही, चुलीवर तवा ठेवावयाचा नाही, विळीने चिरावयाचे नाही, भिंतीवर नाग रेखून त्याला लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवावयाचा, हा परिपाठ घराघरांतून पाळला जात आला. पैनगंगा ओलांडून दक्षिणेस गेले की आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर लागते. तेथे पौष अमावास्येला मेसराम कुळातील गोंड पायी चालत गोदावरीचे पाणी आणून नागोबाचा अभिषेक करतात, आणि आपल्या जिल्ह्यातील केळापूर-वणीकडील गोंड कुटुंबेही त्या जत्रेला जातात. तेथील उपासनेला जिवंत नाग धरून ठेवण्याची गरज लागत नाही. देव म्हणून ज्याची पूजा करावयाची त्याला बंदिवान करण्याची रीत वेगळ्या वाटेने आली, आणि ती मुख्यतः गारुड्याच्या झोळीतून आली.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जाती-जमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मांगगारुड्यांना स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे. हा समाज, त्याच्याबरोबर नाथपंथाशी नाते सांगणारे नाथजोगी, आणि उत्तरेकडून उतरणारे मदारी-सपेरे, अशा अनेक भटक्या मंडळींचे तांडे वऱ्हाडातून फिरत असत. वणीची रंगनाथस्वामींची यात्रा, आर्णीचा बाबा कंबलपोषांचा उरूस, ठिकठिकाणचे आठवडी बाजार आणि श्रावणातली नागपंचमी, असे ज्याचे वर्ष ठरलेले, त्या माणसाला गाव नव्हते, वतन नव्हते, सातबाऱ्यावर नाव नव्हते. अशा कित्येक समाजांच्या कपाळी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द होईपर्यंत तो पुसला गेला नाही. गारुड्याने नागाशी केलेल्या वर्तनाचा हिशेब मांडताना समाजाने गारुड्याशी केलेले वर्तन विसरून चालणार नाही. ज्याच्या स्वतःच्या मुलांना दोन वेळचे अन्न मिळण्याची शाश्वती नव्हती, त्याने टोपलीतल्या नागासाठी रोज उंदीर शोधावा ही अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल.

मात्र गारुड्याला नागाचे खाणे ठाऊक नव्हते असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. ते त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हते. बिळाच्या तोंडाशी उंदराची ताजी उकरलेली माती कोठे आहे, तिच्यावरून पोटाच्या खवल्यांची घासट गेली आहे की नाही, वारुळाच्या कोणत्या भोकाला जाळे आहे आणि कोणते गुळगुळीत आहे, एवढ्यावरून तो आत नाग असल्याचे सांगे आणि सब्बलीने उकरून त्याला शेपटीशी धरून बाहेर काढी. नाग जेथे उंदीर तेथे, हे ज्ञान त्याच्या धंद्याचा पाया होते. परंतु नाग एकदा हाती आला की त्या ज्ञानाचा उपयोग संपत असे, कारण त्यापुढची क्रिया खाणे अशक्य करून टाकणारी होती. नागाच्या तोंडापुढे जाडसर फडके धरावयाचे, त्याने रागाने चावा घेतला आणि दात कापडात रुतले की फडके हिसडून ओढावयाचे, म्हणजे वरच्या जबड्याच्या पुढील भागातील दोन्ही विषदंत मुळापासून उपटून येतात. निसर्गाने त्यांच्या मागे राखीव दातांची रांग ठेवलेली असल्यामुळे काही आठवड्यांत नवे दात पुढे येतात, आणि मग तीच क्रिया पुन्हा. काही जण विषाच्या ग्रंथीच कापीत, काही जण ओठांना टाके घालीत. हिरडीची जखम चिघळे, तोंडात पू होई, जबडा सुजे. भक्ष्य अखंड गिळावे लागत असल्याने ज्या प्राण्याला जबड्याची दोन्ही हाडे आळीपाळीने पुढे सरकवून घास आत ओढावा लागतो, त्याला अशा तोंडाने उंदराचे पिल्लूही गिळता येणे कठीण.

याच नागापुढे श्रावणात दुधाची वाटी येई. नाग दूध पितो हा समज इतका खोल रुजलेला आहे की प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्याचा दाखला देणारी माणसे आजही भेटतात, आणि त्यांनी पाहिलेले खोटे नसते. सापाला तहान लागते; आणि पंचमीच्या आधी कित्येक दिवस पाण्याचा थेंबही न दाखविता ठेवलेला नाग पुढ्यात आलेला कोणताही द्रव पिणारच. परंतु सर्पवर्गात दूध हे कोणाच्याही पिलाचे अन्न नाही. ते पचविण्याची तजवीज त्याच्या आतड्यांत नाही. आणि घाईने, डोके दाबून पाजलेले दूध पुष्कळदा श्वासनलिकेत उतरते व फुप्फुसाला सूज आणते. जिल्ह्यातील हजारो घरांच्या उंबरठ्यांवर ज्यांची हळदकुंकवाने पूजा झाली ते नाग, त्यांतले पुष्कळसे, पूजेनंतर काही आठवड्यांत मरत होते. फणा काढून डोलणारा, धरले तरी न चावणारा नाग पाहून लोक त्याला माणसाळलेला समजत. त्याच्या अंगी आलेला तो सौम्यपणा उपासाचा, तहानेचा आणि तोंडातल्या जखमेचा होता.

येथे कोणी शंका घेईल की दात शाबूत असलेला, पाणी मिळालेला नाग तरी बंदीत नीट खातो काय? बहुधा तोही खात नाही, आणि हीच या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. रानातून धरून आणलेला साप अन्न नाकारतो हा त्याचा हट्ट नव्हे. सापाच्या अंगी स्वतःची उष्णता नसते. भोवतालच्या उष्णतेवर त्याचे पचन चालते, आणि थंड जागी गिळलेला उंदीर पोटात पचण्याऐवजी कुजतो व उलटून बाहेर पडतो. म्हणून भीती, गारठा किंवा आजार असला की तोंड मिटून बसणे हाच त्याच्या जिवाला सुरक्षित मार्ग असतो. कात टाकण्याच्या सुमारास डोळ्यांवर दुधाळ पडदा येतो तेव्हा तो खात नाही. मादी गाभण असली की खात नाही. नर जोडीच्या शोधात असतो तेव्हा खात नाही. हिवाळ्यात खात नाही. दीर्घ उपास त्याला सोसतो, कारण त्याचे शरीर उपासासाठीच घडलेले आहे: अजगरावरील प्रयोगांत असे दिसून आले आहे की उपासाच्या काळात त्याची आतडी आकसून राहतात आणि मोठे भक्ष्य गिळल्यानंतर एक-दोन दिवसांत ती फुगून जवळजवळ दुप्पट वजनाची होतात. महिनोन्महिने उपाशी राहूनही जिवंत असणारा प्राणी पाहून धरणाऱ्याला वाटते की याला अन्नाची गरजच अल्प आहे, आणि गरज नाही असे एकदा वाटले की ती पुरविण्याचे बंधन मनावरून उतरते.

त्यातून प्रत्येक जातीची आवड निराळी. धामण उंदीर-बेडूक खाते, पण इतकी बुजरी की पेटीच्या जाळीवर तोंड आपटून नाकपुडी फोडून घेते. दिवडाला मासे आणि बेडूक हवेत. झाडाझुडपांतला हिरवा हरणटोळ सरडे-पालींवर जगतो. फुरशाला विंचू व किडेही चालतात. मण्यार रात्री निघते आणि मुख्यतः दुसरे साप खाते. या सर्वांना एकाच पेटीत कोंडून एकच पांढरा उंदीर टाकला आणि सकाळी तो उंदीर जिवंत फिरताना दिसला, तर दोष सापाचा नव्हे. उलट उपाशी उंदराने रात्रीत निपचित सापाची पाठ कुरतडून ठेवल्याची उदाहरणे साप सांभाळणाऱ्यांच्या परिचयाची आहेत.

गारुड्याच्या टोपलीतून हा प्रश्न शास्त्रज्ञाच्या पेटीत कसा गेला, तो भाग आता पाहू. जोसेफ फेयरर याने १८७२ साली हिंदुस्थानातील विषारी सर्पांवरील आपला भव्य सचित्र ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध केला, त्यामागील कलकत्त्याच्या प्रयोगांतही साप हाताळण्याचे काम देशी गारुडीच करीत होते. पुढे आल्बेर काल्मेत या फ्रेंच वैद्याने १८९० नंतरच्या दशकात सर्पविषावरील पहिली रक्तलस सिद्ध केली, आणि तेव्हापासून जिवंत साप ही औषधाची कच्ची सामग्री झाली: घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचावयाच्या तर विष हवे, विष हवे तर साप हवेत, आणि साप तर पेटीत खात नाहीत. काल्मेतने लील येथील आपल्या संस्थेत यावर जो तोडगा काढला तो सक्तीचा होता. सापाचे तोंड उघडून अन्ननलिकेत नळी सरकवावयाची आणि फेटलेले अंडे नरसाळ्यातून आत सोडावयाचे. पेटीतल्या सापांना थोडे अधिक दिवस जगविण्यासाठी हा प्रकार जगभरच्या सर्पशाळांतून चालू राहिला.

मुंबईत परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ साली प्लेगच्या लशीसाठी जी प्रयोगशाळा स्थिरावली, तीच १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने महाराष्ट्राला परिचित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच मेजर जॉर्ज लँब यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले होते की नागाच्या विषावरची लस घोणशीच्या विषावर चालत नाही, म्हणजे प्रत्येक प्रमुख विषारी जातीचे विष स्वतंत्रपणे मिळविले पाहिजे. पुढे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्र चालणारी लस तयार होऊ लागली, आणि यवतमाळच्या वावरात चावलेल्या माणसाचा जीव परळच्या पेट्यांत कोंडलेल्या सापांवर अवलंबून राहू लागला. नागापासून एका वेळी जेवढे विष मिळते त्याचा अल्पसा अंशच इवल्याशा फुरशापासून मिळतो, म्हणून कोकणातून फुरशी मोठ्या संख्येने आणावी लागत. साप आणणाऱ्यांना नगाप्रमाणे मोबदला मिळे. डॉ. पी. जे. देवरस यांनी या संस्थेत सर्पशाळेतील सापांच्या विषाच्या उत्पन्नाचा वर्षानुवर्षे पद्धतशीर अभ्यास केला, आणि १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचे भारतीय सापांवरील पुस्तक प्रसिद्ध केले, ज्यामुळे सामान्य वाचकाला आपल्या देशातील साप शास्त्रीय दृष्टीने ओळखता आले. या संस्थेचे आणि या संशोधकांचे आपल्यावरील ऋण फार मोठे आहे.

पण या सगळ्या कालखंडाकडे पाहताना एक गोष्ट निर्विवादपणे दिसते. गारुड्याची टोपली असो की सर्पशाळेची पेटी, बंदीत साप जगविण्याची विद्या शंभर वर्षे जवळपास जागच्या जागी राहिली, आणि त्याचे कारण अज्ञान हे नव्हते. कारण हे होते की पुढचा साप स्वस्त होता. नाग मेला की गारुड्याने दुसरे वारूळ उकरावे, आणि पेटीतला साप दगावला की पुढच्या खेपेची पोती यावीत. एका सापाला खाते करण्यासाठी जेवढे दिवस, जेवढी शांतता आणि जेवढी निगा लागते तिच्यापेक्षा नवा साप धरून आणणे नेहमीच कमी खर्चाचे पडे. आपल्याकडे सापांच्या संगोपनाने जेथे जेथे पाऊल पुढे टाकले तेथे तेथे एकच परिस्थिती आढळते: तो साप परत द्यावयाचा होता, किंवा त्याच्या जागी दुसरा मिळणार नव्हता.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गोरक्षनाथांनी मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या एका स्त्रीला जिवंत नागाची पूजा दिली अशी तेथील कथा. तिला अनुसरून गावातील मंडळे पंचमीच्या आधी शिवारातून नाग धरीत, त्यांना मडक्यांत ठेवीत, आणि मिरवणुकीनंतर पुन्हा रानात सोडीत. हे नाग गारुड्याच्या नागांसारखे दात उपटलेले नसत, आणि त्यांना मडक्यात बेडूक-उंदीर घातले जात, कारण पाहुणा म्हणून आणलेला देव धडधाकट परत पोहोचविणे हे व्रताचेच अंग होते. मडक्याचा अंधार, माती आणि स्तब्धता सापाला मानवते, हे तेथे कोणी न शिकविता समजलेले होते. मात्र वर्षागणिक गर्दी, ध्वनिक्षेपक, फण्यांच्या स्पर्धा आणि हाताळणी वाढत गेली. एका जनहित याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेले, आणि २००२ नंतर जिवंत नागांच्या पूजेवर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या आधारे निर्बंध आले. मिरवणुकीतल्या नागाचे हाल पाहता हे निर्बंध योग्यच होते असे आम्ही मानतो. पण मडक्यात अन्न घालण्याची ती रीत गारुड्याच्या टोपलीपेक्षा कितीतरी वरच्या पायरीवरची होती, हेही लिहून ठेवले पाहिजे.

तमिळनाडूत इरुळा जमातीच्या सर्पधारकांची १९७८ साली जी सहकारी संस्था उभी राहिली, तिने तर हा पेच मुळातच सोडविला. सापांच्या कातड्यांचा व्यापार बंद झाल्याने उपजीविका गमावलेल्या या लोकांनी साप धरावेत, मातीच्या मडक्यांत थोडे आठवडे ठेवावेत, ठरलेल्या वेळाच विष काढावे, पोटाच्या खवल्यांवर खूण करावी आणि त्यांना रानात सोडावे, अशी रीत ठरली. दीर्घकाळ कोंडावयाचेच नाही, मग नळी आणि नरसाळे कशाला? आज देशातील लस बनविणाऱ्या कारखान्यांना लागणाऱ्या विषाचा फार मोठा वाटा त्या मडक्यांतून येतो. आपल्या वऱ्हाडातील गारुडी-नाथजोगी समाजांच्या पारंपरिक विद्येला असा मार्ग कोणी काढून दिला नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. कायद्याने त्यांची टोपली जप्त केली आणि हाती दुसरे काही दिले नाही. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली बहात्तर विषारी सापांसह बहात्तर तास काचेच्या खोलीत राहून लोकांचे लक्ष या प्राण्याकडे वेधले, आणि १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान निघाले. तेव्हापासून महाराष्ट्रात साप पाहावयाचा, ओळखावयाचा आणि सोडावयाचा, ही नवी वृत्ती तरुणांत रुजली. तिचे पीक विदर्भात फार चांगले आले.

त्याचा पुरावा यवतमाळला वर्धा नदीपलीकडे लागूनच असलेल्या वर्धा जिल्ह्यातून मिळाला. राइनहार्ट या डॅनिश शास्त्रज्ञाने १८६३ साली बंगालमधील रंगपूरच्या नमुन्यावरून अंडीखाऊ सापाचे वर्णन केले होते. त्यानंतर पूर्व व उत्तर हिंदुस्थानातून तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच मिळाला, आणि पुढे कित्येक दशके तो दिसलाच नाही. तो २००३ साली वर्ध्यास सापडला, आणि अशोक कॅप्टन, पराग दांडगे व त्यांचे जर्मन सहकारी यांनी २००५ साली त्याची महाराष्ट्रातील पहिली नोंद प्रसिद्ध केली. जो साप जगाने दुर्मिळातला दुर्मिळ मानला तो आमच्या कपाशी-तुरीच्या मुलखात राहत होता, आणि बहुधा मण्यार समजून काठीखाली मरत होता.

खाण्याच्या बाबतीत या सापाइतका काटेकोर साप आपल्याकडे दुसरा नाही. तो केवळ पक्ष्यांची अंडी खातो. अंगठ्याएवढ्या जाडीचा, गडद रंगाचा, पाठीवरून फिकट पट्टा गेलेला हा लहानसा प्राणी आपल्या डोक्याहून मोठे अंडे जबडा ताणून तोंडात घेतो. दात जवळजवळ नाहीतच, त्यामुळे कवच फुटत नाही. मग अंडे घशात उतरते, आणि मानेच्या मणक्यांपासून निघून अन्ननलिकेत शिरलेली टोके त्याच्यावर दाबली जाऊन कवच आतल्या आत भंगते व बलक पुढे सरकतो. बाहेरून पाहणाऱ्याला मानेवरील फुगवटा एकाएकी बसलेला दिसतो. अशा सापापुढे उंदीर टाका, पाल टाका, बेडूक टाका, तो ढुंकून पाहणार नाही. कोंबडीचे अंडे त्याच्या तोंडात मावणार नाही. आणि पक्ष्यांच्या विणीचा हंगाम सरला की रानातही त्याला उपासच घडत असला पाहिजे. याला सांभाळणे म्हणजे त्याच्या वावरातल्या पाखरांचे ऋतुमान सांभाळणे होय. या सापाला कायद्याने पहिल्या अनुसूचीत ठेवले आहे, आणि तो कोणाच्या बरणीत राहू नये हे त्याच्या पोटाच्या रचनेनेच ठरविलेले आहे.

जखमी वा आजारी साप उपचारासाठी ठेवावाच लागला, तर वनखात्याच्या परवानगीने काम करणारी जाणती माणसे आता काय करतात, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्यात शंभर वर्षांच्या चुकांचे सार आहे. आलेल्या सापाला प्रथम काही दिवस खाऊ घालतच नाहीत. अंधारे, अंगाला सर्व बाजूंनी टेकेल असे लपण, उथळ भांड्यात स्वच्छ पाणी, आणि एका टोकाला ऊब व दुसऱ्या टोकाला गारवा, एवढे देऊन त्याला एकटे सोडतात. अंगावरच्या गोचिड्या काढतात, पोटातल्या जंतांचे पाहतात, तोंडातील जखम भरू देतात. मग तिन्हीसांजेनंतर, ती जात रानात जे खाते तेच, मेलेल्या स्थितीत आणि आकाराने लहान असे, लपणाच्या तोंडाशी ठेवून निघून जातात. सरडे खाणाऱ्या सापाने उंदीर नाकारला तर उंदराच्या अंगावर सरड्याची कात चोळून वास देतात, कारण सापाची जीभ वासावरूनच भक्ष्य ओळखते. खाल्ल्यानंतर दोन-तीन दिवस त्याला हात लावीत नाहीत, नाही तर घास उलटतो. नळीने भरविणे हा शेवटचा उपाय, आणि तोही पशुवैद्याच्या हातून. गारुडी ज्या खुणांवरून बीळ शोधीत असे त्याच खुणा येथे उलट्या दिशेने वाचल्या जातात: कोठे राहत होता, काय खात होता, कधी बाहेर पडत होता.

नदीच्या या तीरावर, आमच्या जिल्ह्यात, दर पावसाळ्यात घराच्या आढ्यात, कोठ्यात किंवा कुटारात साप निघतो, आणि कोणी हौशी तरुण तो धरून प्लॅस्टिकच्या बरणीत चार दिवस आल्यागेल्यास दाखवीत राहतो. अशा बरणीतून सुटलेल्या सापाला रान पुन्हा कितपत लाभत असेल याचा विचार कोणी करीत नाही. वाचकांना विनंती एवढीच आहे की साप दिसला तर दुरून नजर ठेवा, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, आणि येणाऱ्या सर्पमित्राकडे ओळखपत्र मागा. तो बरणी घरी नेऊ लागला तर त्याला नेऊ देऊ नका, आणि साप निरोगी असेल तर त्याच दिवशी, वस्तीपासून दूर पण त्याच शिवारातल्या धुऱ्यावर, तो तुमच्यादेखत सुटेल असे पाहा.